कुलपातला गाळ

६ एप्रिल, हिवरदरा

निवृत्त माणसानं पुन्हा कामाच्या भानगडीत पडू नये, असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचो. आज कंधारच्या स्टँडवर जीपची वाट बघत बसलो तेव्हा माझी मलाच लाज वाटली. पण लातूरच्या घरात आता मला टेकायला जागा नाही, हेही खरंच. वरच्या दोन्ही खोल्या सुनेनं, सुकन्यानं, क्लासच्या पोरींना भाड्यानं दिल्यात. मी खाली टीव्ही लावला की एक पोरगी येऊन सांगते, "आजोबा, उद्या टेस्ट आहे." मुलगा सुदर्शन म्हणाला, बाबा, तुमच्याच लाइनचं काम आहे, जा, मन रमेल. मन रमवायला मला तलावाचा गाळ मिळाला.

इथल्या तलावाच्या वरच्या अंगाला काही वर्षांपूर्वी बाहेरच्या कुणीतरी पत्र्याचं शेड टाकून जुन्या बॅटऱ्या फोडायचा, शिसं वितळवायचा धंदा केला. माणसं पळाली, शेडही गेलं, पण त्यांची घाण ओढ्यानं तलावात आली आणि तळाला बसली. गाळातून किड्यांत, किड्यांतून माशांत, माशांतून माणसांच्या पोटात. मासेमारी बंद आहे. आता तळाचा वरचा हातभर गाळ उपसायचा, बंद खड्ड्यात घालायचा, नवे मासे सोडायचे आणि ते स्वच्छ निघाले की तलाव उघडायचा. काम एका संस्थेचं, देखरेख माझी. शाखा अभियंता म्हणून जन्मभर तलाव बांधले, आता धुवायचे.

खोली किशनरावांच्या घरामागे मिळाली आहे. भला माणूस. गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे.

१२ एप्रिल

गाळ उपसणारा पंपवाला आणि मी, रोज भांडण. त्याला जेसीबी उतरवून आठवड्यात मोकळं व्हायचंय. मी सांगून थकलो की बाबा, हा गाळ ढवळला की शिसं परत पाण्यात पसरतं, माशाच्या कल्ल्यात जातं. तराफ्यावरून पाइप तळाला अलगद टेकवायचा, भोवतीनं कापडाचा पडदा सोडायचा आणि हळूहळू ओढायचं. शेवया वळाव्यात इतकं सावकाश. तो म्हणतो, "सायेब, असं केलं तर माझ्या नातवाला हे काम पुरंल." मी म्हटलं, पुरू दे.

उन्हानं डोकं उठतं. गुडघे तर माझे राहिलेलेच नाहीत.

२१ एप्रिल

आज सिंधुबाई भेटल्या. मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्ष. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठाला जाईल असा. बरोबर नात होती, सृष्टी, सहा-सात वर्षांची. हिच्या रक्तात शिसं निघालं म्हणूनच हे सगळं प्रकरण उजेडात आलं. सारखं पोट दुखायचं, शाळेत लक्ष नसायचं. मास्तरांनी मठ्ठ ठरवून टाकली होती. आई-बाप ऊसतोडीला, पोर आजीपाशी.

"बारके मासे वाळवून ठेवते मी," सिंधुबाई म्हणाल्या. "मुंडक्यासकट, काट्यासकट खायची ही. मलाच कवतिक. पोरगी काटाबी टाकत न्हाई मनून. आता समजलं, मीच घालून राहिले व्हते तिच्या पोटात."

मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत.

"तळं कवा उघडंल ते राहू द्या. हिचं रक्त कवा साफ व्हईल, तेवढं सांगा."

डॉक्टरांनी सांगितलंय ते मी सांगितलं. मासा पूर्ण बंद, दूध, अंडी, गूळ-शेंगदाणे द्या, हळूहळू उतरेल. त्यांनी मान हलवली. पोरगी माझ्या बुटांना लागलेल्या गाळाकडे टक लावून बघत होती.

४ मे

गायरानात खड्डा तयार झाला. खाली जाड प्लॅस्टिक अंथरलं, वर ताडपत्री, भोवती काटेरी तार, लोखंडी फाटक आणि फाटकाला चांगलं पितळी कुलूप. लाल पाटी : धोका, या गाळाला हात लावू नये. राखणीला किशनरावांचा पुतण्या भागवत ठेवला. संस्थेच्या लोकांनी फोटो काढले. इतकी पक्की व्यवस्था मी नोकरीत असतानाही कधी केली नव्हती.

गावातली वीस-पंचवीस माणसं तारेला टेकून सगळं बघत होती. तिथं हसणंखिदळणं काही नव्हतं. लग्नात रुखवत बघतात तसं निरखून बघत होती.

संध्याकाळी किशनरावांनी चहा पाठवला, मागून स्वतःही आले. "कुणाला द्यायचाय सायेब, हा माल?"

"कुणालाच नाही. इथंच राहणार कायमचा."

"हाव का?" असं म्हणून ते हसले. "बरं बरं. इथंच राहू द्या."

समजूतदार माणूस. एका शब्दात पटलं.

२० मे

उपसा निम्म्यावर आला. गाळ असा काळाभोर, लोण्यासारखा, की खराब आहे हे मलाही स्वतःला आठवण करून द्यावं लागतं. या भागात तलावाचा गाळ शेतात नेण्यासाठी माणसं एकमेकांच्या डोक्यात काठ्या घालतात. नोकरीत असताना आम्हीच तर दर उन्हाळ्यात दवंडी देऊन न्यायला लावायचो.

गावात माझा भाव वाढलाय. कुणी ताक आणून देतं, कुणी आमरसाला बोलावतं. आधी रामराम सुद्धा न घालणारे आता तब्येत विचारतात, आणि जाता जाता, "लातूरला कवा जाऊन राहिले सायेब?" असंही विचारतात. माणसं फार मायाळू आहेत. शहरात राहून आपल्याला याची सवय राहिलेली नाही.

१५ जून

लातूरला जाऊन आलो. सुकन्यानं पुरणपोळी केली होती, क्लासच्या पोरींनाही वाढली. मी परत निघतो म्हटल्यावर कुणाला फारसं वाईट वाटल्याचं दिसलं नाही.

उपसा संपला. खड्डा बघितला तर पातळी बरीच खाली गेली आहे. पंपवाला डोळे मोठे करून माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला समजावलं की ओल्या गाळात निम्मं पाणीच असतं, ते निघून गेलं की गाळ बसतो. मला हे शिकवायची गरज नाही. आता पावसाळ्याआधी ताडपत्री पक्की बांधून टाकायची आणि पुन्हा उघडायची नाही, असा नियमच केला. दरवेळी गुडघ्यांचे हाल करून फाटकापर्यंत जाणं मला जमत नाही, म्हणून किल्लीही भागवतकडे दिली. पोरगा कामाचा आहे. आपणहून म्हणाला, "सायेब, तुमी कशाला तरास घेऊन राहिले, मी हाव ना."

४ ऑगस्ट

आज बरं वाटलं. नांदेडच्या प्रयोगशाळेतून नाजिया आली होती. सगळे नमुने तीच घेते, वय लहान, पण कामात चोख. सृष्टीच्या रक्तातलं शिसं पुष्कळ उतरलंय. सिंधुबाईंनी नाजियाच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. नाजिया लाजली.

तलावात माशांची नवी बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, सोडली. रोहू, कटला, मृगळ. मृगळ तळाचं खातो, खरी परीक्षा त्याची. सिंधुबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून पिशव्या सोडत होत्या आणि माशांना दटावत होत्या, "खाली चांगलं साफ करून दिलंय, नीट राहा."

पोरीनं मला विचारलं, "हे मोठे झाले की मला?" मी म्हटलं, पहिला मासा तुलाच.

१० ऑक्टोबर

दसरा तोंडावर आलाय. घरोघर भांडीकुंडी अंगणात, गोधड्या ओढ्यावर. सिंधुबाईंचंही घर काढून झालं. भिंती पोतारल्यात, नवी चूल घातलीय. मी चहाला गेलो तर घर थंडगार, ओल्या मातीचा वास, भिंतींना काळसर चकाकी. मी तोंड भरून कौतुक केलं.

"गावानं दिली माती," त्या म्हणाल्या. "तळं बंद हाय मनून आमाला काय कमी पडू देत न्हाईत बगा. दारात आणून टाकली."

खरंच, असा शेजार कुठं मिळतो. फक्त दाराजवळ खाली भिंतीचा पोपडा उडालेला दिसला, उंदरानं कुरतडल्यासारखा. मी म्हटलं, सिंधुबाई, उंदरांचा बंदोबस्त करा. सृष्टी तिथंच भिंतीला टेकून बसली होती. गोड पोर आहे. तोंडात बोट घालून ऐकत होती.

गायरानातला खड्डा तारेबाहेरून पाहिला. भागवतनं ताडपत्री घट्ट ओढून छान उतार काढलाय. किशनरावांची रब्बीची ज्वारी तर बघत राहावी अशी उगवलीय. यंदा हात लागलाय त्यांच्या रानाला.

२६ नोव्हेंबर

नाजियाचा फोन. सृष्टीचं रक्त पुन्हा चढलंय. उन्हाळ्यात होतं त्याच्यापेक्षाही वर. तिला खात्री करायला दोनदा विचारलं. "सर, मी स्वतः लावलंय मशीनला. घरात कुणीतरी काहीतरी देतंय तिला."

काहीतरी म्हणजे काय, ते मला कळलं. दुसरं काय असणार? तलाव अजून बंद. आणि पोरीच्या तोंडचा मासा तोडवत नाही ती एकच बाई गावात आहे.

मी रागानं भणभणत गेलो. पारावर माणसं बसली होती, सिंधुबाई तिथंच सोसायटीचं काही बोलत होत्या. मी सगळ्यांसमोर विचारलं, "पोरीला चोरून मासा खाऊ घालता का?"

"न्हाई सायेब. शप्पत घेते."

"मग रक्त कसं चढलं? आपोआप?"

"मला काय ठावं? मी बारका झिंगाबी दिला न्हाई तिला."

"खोटं बोलू नका. ही चोरी आहे सिंधुबाई. तलावाची नाही, या पोरीच्या जिवाची."

पोरगी त्यांच्या पदराआड होती. ती रडायला लागली. सिंधुबाईंनी तिला उचलून कडेवर घेतलं. माणसं खाली बघत होती. किशनरावही होते. ते उठून निघून गेले. त्यांनाही वाईट वाटलं असेल.

मी त्यांची जाळी मागून आणली आणि खोलीत ठेवली आहेत. कठोर वागावं लागलं. कुणीतरी वागायलाच हवं होतं.

३ डिसेंबर

सोसायटीनं सिंधुबाईंना अध्यक्षपदावरून काढलं. मी सांगितलं नव्हतं. पण नको, असंही म्हटलं नाही. जाळ्यांना वास येतो, खिडकी उघडी ठेवून झोपतो. पित्त वाढलंय.

१९ डिसेंबर

मासे स्वच्छ! रोहू, कटला आणि मृगळ सुद्धा. नाजियानं फोनवर सगळे आकडे दोनदा वाचून दाखवले. गावात पेढे वाटले. संस्थेनं अभिनंदन केलं. सुदर्शन म्हणाला, बाबा, बघा, मी म्हटलं नव्हतं?

सिंधुबाई आल्या नाहीत. त्यांच्या दारावरून गेलो, दार उघडं होतं, हाक मारायचा धीर झाला नाही. आनंद व्हायला हवा तेवढा होत नाही. थकवा असेल.

२१ डिसेंबर

आजचं सगळं क्रमानं लिहून ठेवतो.

काम बंद करायच्या आधी खड्ड्यातला एक नमुना लागतो म्हणून नाजिया आली. भागवतला किल्ली मागितली तर म्हणे सापडत नाही. आजारी आहे म्हणून घरात जाऊन पडला. पंपवाल्याला बोलावून कुलूप तोडलं. ताडपत्री उचलली. खाली मुरूम, दगडगोटे, कडब्याच्या पेंढ्या. गाळ नाही. ओंजळभर सुद्धा नाही.

नाजिया म्हणाली, "सर, गेला कुठं?" त्याच क्षणी मला सगळं दिसलं. बसलेली पातळी. छान उतार. ज्वारी. भिंतीची चकाकी. उंदीर.

किशनराव गोठ्यात होते. लपवालपवी काही केली नाही.

"गेला, सगळ्या गावात गेला. तुमी लातूरला गेले की ट्रॉल्या लागायच्या."

"अहो, पाटी लावली होती! तार होती, कुलूप होतं!"

"तेच तर सायेब. खराब मालाला कोण कुलूप लावतंय? उकिरड्याला कुलूप बघितलंय का तुमी कवा? पितळी कुलूप, वर राखण्या, वर फोटो. आमाला वाटलं, वरच्या लोकांना नर्सरीवाल्याला इकायचाय अन् आमाला धोक्याची पाटी दाखवून राहिले. आमच्या तळ्याचा गाळ, आज्याच्या काळापून आमीच नेतो. कुणी मेलं न्हाई."

मी खाली बसलो. गाईच्या पाण्याच्या टाकीच्या कडेवर.

"सिंधुबाईंच्या दारात कुणी टाकला?"

"मीच." ते जरा अभिमानानंच म्हणाले. "बिचारीचं तळं बंद. पह्यली ट्रॉली तिची, असं मीच मनलं."

मग मी सृष्टीच्या रक्ताचं सांगितलं. पोर भिंत खाते, हे सांगितलं. अंगात रक्त कमी असलेली लेकरं माती खातात, भिंती चाटतात, हे आपण सगळेच जन्मापासून बघतोय. माझी थोरली बहीण खायची. किशनरावांच्या हातातली पेंढी तशीच राहिली.

"त्या दिवशी पारावर," ते म्हणाले, "तुमी तिला बोलून राहिले तवा मला वाटलं सांगावं. पण मनलं, गाळाचा अन् रक्ताचा काय संबंध? सायेब शिकलेले हाईत, मासाच असंल."

२२ डिसेंबर

जाळी खांद्यावर टाकून गेलो. सिंधुबाई चुलीपुढं होत्या. मी सगळं सांगितलं, मध्ये कुठंही न थांबता, नाहीतर सांगताच आलं नसतं.

"मनजे मासा न्हवता," त्या म्हणाल्या.

"नव्हता."

त्यांनी चुलीतली लाकडं ओढून पाणी टाकलं. मग पहार घेतली आणि भिंतीकडे गेल्या. मी आडवा आलो. कोरडी फोडली तर धूळ पोरीच्याच छातीत जाईल. आधी भिजवायची, तोंडाला फडकं बांधायचं, पोरीला बाहेर पाठवायचं. त्यांनी पहार खाली ठेवली. आम्ही दोघांनी घागरींनी भिंत भिजवली आणि खुरप्यानं खरवडत बसलो. एक भिंत झाल्यावर त्या म्हणाल्या, "पारावर मनलात ना, सगळ्यासमोर? मंग हेबी तिथंच मना."

सृष्टीला भागवतच्याच बहिणीकडे ठेवली, तिचं घर पक्कं आहे.

२३ डिसेंबर

पारावर बोललो. सिंधुबाईंनी पोरीला मासा दिला नव्हता. मी खोटा आळ घेतला. विष मासळीत नव्हतं, मी राखलेल्या आणि गावानं नेलेल्या गाळात होतं. जो तो आपापल्या घराचा, रानाचा विचार करायला लागला, चेहऱ्यांवर दिसत होतं. कुणी मला शिवी दिली, बरोबरच दिली. संस्थेला रात्री फोन केला, त्यांना पारावर कशाला बोललात याचाच जास्त राग आला. नाजिया एकटी म्हणाली, "सर, सगळ्या लेकरांचं रक्त घ्यायला मी येते. सुट्टी टाकते."

१२ जानेवारी

भिंतींचं काम चालू आहे. पोतारलेली तेरा घरं निघाली, बाकीच्यांनी रानात टाकलाय. घराची माती खरवडून परत खड्ड्यात आणता येते, रानाची कशी आणायची हे मला माहीत नाही, संस्थेलाही माहीत नाही. किशनरावांनी ज्वारी उभी ठेवलीय, ना कापतात ना बोलतात. ट्रॅक्टर मात्र रोज सकाळी खड्ड्याच्या कामाला पाठवतात, न मागता. आणखी चार लेकरांचं रक्त चढलेलं आहे. सृष्टीचं थोडं उतरलं. थोडंच.

आज तलाव उघडला. सोसायटीनं सिंधुबाईंना परत अध्यक्ष केलं होतं, पहिलं जाळं त्यांनीच टाकलं. मृगळ मिळाला, वीतभर. काठावरच दगडांची चूल मांडून तळला. मी तपासणीचा कागद खिशात घेऊन गेलो होतो, कुणी विचारलं तर दाखवायला. कुणी विचारलं नाही. सिंधुबाईंनी मलाही पान वाढलं. मी नको म्हणत होतो तर म्हणाल्या, "बसा गुमान."

पहिला घास सृष्टीचा. मीच काटे काढले, फुंकर घातली आणि तिच्यापुढे धरला. तिनं घासाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"घे बाळा, आता चालतो. तुला सांगितलं होतं ना, पहिला तुझाच."

तिनं मान हलवली. "नको. मी मासा खाल्ला की तुमी आजीला बोलता."

सिंधुबाई म्हणाल्या, खा बाई, न्हाई बोलत आता सायेब. मीही म्हटलं, पुन्हा पुन्हा म्हटलं. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. मासा माझ्या हातात गार झाला.